सोमवारची डिस्क चालते, मंगळवारची चालत नाही

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की ऑफिसच्या सर्व्हरचा बॅकअप एकाच एक्स्टर्नल डिस्कवर ठेवू नका, दोन-तीन डिस्क घ्या आणि आलटून पालटून लावा. त्यावर बरीच पत्रं आली आणि निम्म्याहून जास्त पत्रांत एकच वाक्य आहे, "ताई, दुसरी डिस्क खराब निघाली." सगळी पत्रं नीट वाचली, काहींशी फोनवरही बोलले, आणि माझं मत असं झालंय की यातल्या एक-दोनच डिस्क खरंच खराब आहेत. बाकीच्या ठिकाणी एकतर सर्व्हरला ती डिस्क ओळखू येत नाहीये, नाहीतर तिला धड पोर्ट, धड केबल मिळालेली नाहीये. चांगल्या डिस्क दुकानात परत जातायत आणि बॅकअप आठवडे आठवडे बंद राहतोय, म्हणून या वेळी सगळा कॉलम याच विषयावर.

प्रश्न: ताई नमस्कार. आमचं सांगलीला सीए ऑफिस आहे, विंडोज सर्व्हरवर टॅलीचा डेटा आणि क्लायंटच्या फाइली असतात. २ टीबीच्या दोन सारख्या डिस्क घेतल्या. पहिली लावून विंडोज सर्व्हर बॅकअपमध्ये रोज रात्रीचं शेड्यूल लावलं, आठवडाभर छान चाललं. मग दुसरी लावली तर रात्री बॅकअप फेल, डिस्क सापडत नाही म्हणतो. पहिली परत लावली की चालू. आणि ती पहिली डिस्क माय कॉम्प्युटरमध्ये दिसतच नाही, आमच्या ऑफिसातला मुलगा म्हणतो फॉरमॅट मारून बघतो.

उत्तर: आधी त्या मुलाला थांबवा. ती डिस्क दिसत नाही कारण ती दिसू नये अशीच व्यवस्था आहे. विंडोज सर्व्हर बॅकअपला तुम्ही शेड्यूल लावताना "ही डिस्क फक्त बॅकअपसाठी" असं सांगितलं की तो तिला फॉरमॅट करतो, स्वतःच्या ताब्यात घेतो आणि ड्राइव्ह लेटर (डी, ई, एफ असं अक्षर) काढून टाकतो, म्हणजे कुणी चुकून तिच्यात लग्नाचे फोटो टाकू नयेत. डिस्क मॅनेजमेंट उघडून बघा, तिथे ती बिनलेटरची पण 'हेल्दी' अशी दिसेल. तेवढं दिसलं की काळजी नको.

आता दुसरीबद्दल. तुम्हाला दोन्ही डिस्क सारख्या वाटतात कारण रंग सारखा, कंपनी सारखी, साइज सारखी. सर्व्हरला त्यातलं काही दिसत नाही, तो प्रत्येक डिस्कवरचा आतला ओळख क्रमांक बघतो. शेड्यूल लावताना एकच क्रमांक नोंदवला गेला, मग मंगळवारी वेगळ्या क्रमांकाची पाहुणी आली तर तो तिला घरात घेत नाही. दुसरी डिस्क शेड्यूलमध्ये रीतसर नोंदवावी लागते. डिस्क लावा, त्यावर काही कामाचं नाही ना हे बघा (ती फॉरमॅट होणार आहे), मग बॅकअप शेड्यूलमध्ये जाऊन 'मॉडिफाय' करून ही डिस्क जास्तीचं डेस्टिनेशन म्हणून घाला. पहिली काढू नका, दुसरी तिच्या जोडीला घाला, इथेच बरेच जण चुकतात. विझार्डमध्ये जमत नसेल तर अॅडमिन कमांड प्रॉम्प्टला 'डब्ल्यूबीअॅडमिन गेट डिस्क्स' द्या, लावलेल्या डिस्कची यादी येते, त्यात महिरपी कंसातला लांबलचक आयडेंटिफायर असतो, तो कॉपी करून 'डब्ल्यूबीअॅडमिन एनेबल बॅकअप' ला 'अॅडटार्गेट' म्हणून द्या. एकदा दोन्ही नोंदवल्या की रात्री जी लावलेली असेल तिच्यावर बॅकअप जातो. दुसरी जागेवर नाही म्हणून वॉर्निंग दिसू शकते, त्याने घाबरू नका.

आणखी एक, नोंदवताना तो डिस्कला लांब नाव देतो, सर्व्हरचं नाव, तारीख, वेळ आणि शेवटी डिस्क_०१, डिस्क_०२ असं. ते नाव कागदावर लिहून डिस्कच्या पाठीवर चिकटवा आणि वरून पारदर्शक टेप लावा. मी एका ठिकाणी गेले होते तिथे स्केचपेनने थेट डिस्कवर लिहिलेलं होतं आणि हाताच्या घामाने १ आणि २ दोन्ही पुसून गेले होते, दोन काळ्या डिस्क टेबलावर आणि कुणालाच माहीत नाही कालची कुठली. अर्धा तास त्यातच गेला, आणि सर्व्हर बंद पडलेला असताना तो अर्धा तास फार मोठा असतो.

आणि जर तुमच्या मुलाने पत्र पाठवल्यानंतर फॉरमॅट मारलाच असेल, तर त्या डिस्कवरचा जुना बॅकअप गेला असं धरा, शेड्यूललाही ती आता ओळखू येणार नाही, तिची जुनी नोंद काढून पुन्हा नवीन डिस्कसारखी घाला. डिस्क बदलल्यावर पहिल्या रात्री बॅकअपला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो तेही साहजिक आहे, आठवडाभराचं राहिलेलं तिला भरून काढायचं असतं.

प्रश्न: सकाळी डिस्क काढण्याआधी डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ती ऑफलाइन करतो, म्हणजे सेफ. पण पुन्हा लावल्यावर ती चालतच नाही. (इचलकरंजी)

उत्तर: ऑफलाइन केलेली डिस्क पुन्हा लावली तरी बऱ्याचदा ऑफलाइनच राहते, कारण सर्व्हरने तुमचा हुकूम लक्षात ठेवलेला असतो. डिस्क मॅनेजमेंटमध्ये डाव्या चौकोनावर राइट क्लिक करून 'ऑनलाइन' करा, लगेच चालू होईल. रोजच्या अदलाबदलीला खाली घड्याळाशेजारचं 'सेफली रिमूव्ह' वापरा, तेवढं पुरे. त्यानंतर दहा-पंधरा सेकंद थांबा, डिस्कवर हात ठेवला की आतली थरथर थांबलेली कळते, मगच उचला. फिरत्या डिस्कला बसलेला धक्का आणि थांबलेल्या डिस्कला बसलेला धक्का यात खूप फरक आहे, थांबल्यावर आतलं हेड बाजूला जाऊन बसतं.

प्रश्न: आम्ही वेळ वाचवायला पहिली डिस्क दुसरीवर क्लोन केली. आता दोन्ही एकदम लावल्या की एक ऑफलाइन होते. (नाशिक)

उत्तर: क्लोन केलं म्हणजे ओळख क्रमांकही तोच गेला, एकाच नावाची दोन माणसं दारात उभी, विंडोज एकालाच आत घेतो. याला सिग्नेचर कोलिजन म्हणतात. दुसरी डिस्क कोरी करून पुन्हा इनिशियलाइज करा आणि स्वतंत्र डिस्क म्हणून वापरा. बॅकअप डिस्क कधीही क्लोन करायच्या नाहीत, प्रत्येकीचा बॅकअप वेगळा होऊ द्या, एकीतली चूक दुसरीत जात नाही.

प्रश्न: आमच्याकडे सॉफ्टवेअर वगैरे नाही, एक बॅच फाइल आहे, रोबोकॉपी एमआयआर करून डेटा एफ ड्राइव्हला टाकते. एक डिस्क एफ येते, दुसरी कधी जी कधी एच. ती आली की बॅच फाइल एडिट करावी लागते. (अकोला, धान्याचे व्यापारी)

उत्तर: भाऊ, लेटरचं आधी सांगते पण तुमच्या पत्रात त्याहून मोठी भीती आहे. लेटर असं पक्कं करा: पहिली डिस्क लावा, डिस्क मॅनेजमेंटमधून तिला डब्ल्यू लेटर द्या, काढा, मग दुसरी लावा आणि तिलाही डब्ल्यूच द्या. दोन्ही एकाच वेळी लावत नाही तोवर हे बहुतेक चालतं, तरी डिस्क बदलल्यावर लेटर डब्ल्यूच आलंय ना हे एकदा बघा. एफ, जी असली सुरुवातीची लेटर घेऊ नका, तिथे पेन ड्राइव्ह येऊन बसतात.

आता भीती कशाची. एमआयआर म्हणजे मिरर, तो नुसतं कॉपी करत नाही, जे मूळ फोल्डरमध्ये नाही ते तिकडून पुसतो. समजा एके दिवशी बॅकअप डिस्क लावायची राहिली आणि कुणीतरी फोटो असलेला पेन ड्राइव्ह लावला, त्याला नेमकं एफ मिळालं, आणि रात्री बॅच चालली, तर त्या पेन ड्राइव्हवरचं सगळं साफ. उलटंही होतं, मूळ फोल्डर काही कारणाने रिकामा दिसला तर मिरर इमानदारीने तुमचा बॅकअपही रिकामा करतो. म्हणून बॅकअपच्या दोन्ही डिस्कवर, रूटला (म्हणजे कुठल्याही फोल्डरच्या आत नाही, सगळ्यात वर), 'ही_बॅकअप_डिस्क_आहे' अशी एक छोटी टेक्स्ट फाइल बनवून ठेवा आणि बॅच फाइलच्या सुरुवातीला 'इफ नॉट एक्झिस्ट' ने ती शोधायला लावा, नसेल तर तिथल्या तिथे बाहेर पड. कॉपी तिच्याशेजारी एका वेगळ्या फोल्डरमध्ये करा, रूटला नको, नाहीतर मिरर तीही फाइल पुसेल. तशीच एक खूणफाइल मूळ डेटातही ठेवून तपासा. चार ओळींचं काम आहे, आज रात्री बॅच चालायच्या आत करा, मी खरंच कळकळीने सांगतेय.

शिवाय मिररमध्ये जुनी आवृत्ती राहत नाही, मंगळवारी बिघडलेली फाइल मंगळवारी रात्री चांगल्या फाइलवर जाऊन बसते. निदान आठवड्याच्या वाराचे फोल्डर करा.

प्रश्न: पॅथॉलॉजी लॅब, कोल्हापूर. आमचा सर्व्हर लिनक्सवर आहे, आरसिंकने (फाइली कॉपी करणारी कमांड) यूएसबी डिस्कवर बॅकअप जातो. डिस्क बदलल्यापासून बॅकअप 'सक्सेस' म्हणतो पण डिस्क रिकामी, आणि काल तर सर्व्हरच फुल होऊन रिपोर्ट निघेनात.

उत्तर: तुमचा बॅकअप सर्व्हरच्याच पोटात जातोय. डिस्क 'एमएनटी बॅकअप' अशा एखाद्या फोल्डरवर माउंट होते (जोडली जाते) ना, ती माउंट झाली नाही तरी तो फोल्डर असतोच, साधा फोल्डर म्हणून, आरसिंकला काय फरक पडतो, तो तिथेच भरत बसतो. नवीन डिस्क माउंट का नाही झाली, तर बहुतेक एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कुठे जोडायची ती लिनक्सची यादी) 'एसडीबी१' असं काहीतरी लिहिलेलं असणार. एसडीबी, एसडीसी ही नावं लावण्याच्या क्रमाने बदलतात. 'एलएसबीएलके' ला 'एफ' ऑप्शन देऊन बघा, प्रत्येक पार्टिशनचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) आणि लेबल दिसतं. सोपा मार्ग म्हणजे सगळ्या बॅकअप डिस्कना एकच लेबल द्या आणि एफएसटॅबमध्ये लेबलने माउंट करा, 'नोफेल' घाला म्हणजे डिस्क नसली तरी सर्व्हर बूट होताना अडकणार नाही. आणि स्क्रिप्टमध्ये आरसिंकच्या आधी 'माउंटपॉइंट' कमांडने तपासा, माउंट नसेल तर एरर देऊन थांब.

आत्ता जागा मोकळी करायला: डिस्क अनमाउंट करा, खरंच अनमाउंट झाली का तेही त्याच माउंटपॉइंट कमांडने बघा, मग त्या फोल्डरमध्ये जे दिसेल ते तिथे चुकून साठलेलं आहे. एकदम पुसू नका, आधी नीट माउंट केलेल्या डिस्कवर एक पूर्ण बॅकअप होऊ द्या, रिपोर्ट चालू राहण्यापुरती जागा दुसरीकडून काढा.

प्रश्न: पूर्वी बॅकअप तीन तासात व्हायचा, नवीन डिस्क आणल्यापासून सकाळी १० वाजता स्टाफ येतो तरी चालूच. (ठाणे)

उत्तर: डिस्क लावलेल्या पोर्टच्या आत डोकावून बघा, आतली प्लास्टिकची पट्टी निळी आहे का काळी. सगळ्याच मशीनला हा रंगाचा नियम लागू नाही, पण बहुतेक ठिकाणी काळी म्हणजे यूएसबी २. तिथून प्रत्यक्षात सेकंदाला ३०-३५ एमबी जातात, म्हणजे १ टीबीला नऊ तास. यूएसबी ३ वर साधी फिरती डिस्क १०० एमबीच्या आसपास देते, तेच काम तीन तासांच्या आत. सर्व्हरच्या पुढच्या बाजूचे पोर्ट हाताला सोयीचे असतात म्हणून आपण तिथे लावतो, पण ते कित्येकदा यूएसबी २ च असतात. मागे लावून बघा. केबलही बघा, यूएसबी २ ची केबल यूएसबी ३ च्या डिस्कमध्ये बसते आणि गुपचूप हळू चालते.

पोर्ट बरोबर असूनही पहिला अर्धा तास वेगात आणि मग एकदम सरपटायला लागली, तर ती एसएमआर पद्धतीची डिस्क असण्याची शक्यता आहे. यात डेटाचे पट्टे छपराच्या कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवून लिहितात, जागा जास्त मिळते पण मधलं बदलायचं तर शेजारचंही पुन्हा लिहावं लागतं. खिशात बसणाऱ्या, जास्त टीबीच्या डिस्क बहुतेक अशाच असतात. ती खराब नाही, पण रात्रभरात टीबीभर लिहायचं असेल तर घेताना सीएमआर (पट्टे एकमेकांवर न चढवणारी) मागा, ती बहुतेक मोठी, वेगळा अॅडॅप्टर लागणारी डिस्क असते.

प्रश्न: रात्री दोन-अडीचच्या सुमारास डिस्क आपोआप डिस्कनेक्ट होते. सकाळी केबल काढून लावली की ठीक. दोनदा डिस्क बदलून आणली. (चिपळूण, पतसंस्था)

उत्तर: दोन वेगळ्या डिस्कवर तेच होतंय म्हणजे दोष डिस्कचा नसणार. क्रमाने बघा. पहिली केबल. खिशातल्या डिस्कचा तो रुंद, चपटा, दोन भागांचा कनेक्टर असतो ना, रोज काढून घालून त्याची पकड सैल होते, हलकंसं बोट लावलं तरी लाइट विझते का बघा. नवी, आखूड केबल आणा, एक फुटाची. दुसरं वीज. यूएसबी २ पोर्ट ५०० मिलीअँपिअर देतो, यूएसबी ३ चा ९००, डिस्क फिरायला लागताना जास्त ओढते, मध्ये बिनअॅडॅप्टरचा हब असेल तर तो काढून टाका. तिसरं, पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला यूएसबी झोपवणारी सोय) बंद करा.

मग इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टम, आणि अडीचच्या आसपासच्या डिस्कच्या नोंदी बघा. १५७ म्हणजे डिस्क अचानक काढली गेली, म्हणजे केबल, पोर्ट, वीज याकडे बोट. १५३ म्हणजे काम पुन्हा पुन्हा करून बघावं लागलं. ७ म्हणजे बॅड ब्लॉक, इथे मात्र डिस्कवर संशय घ्यायचा. सोबत क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) चालवून 'रीअॅलोकेटेड' आणि 'करंट पेंडिंग' हे दोन आकडे टिपून ठेवा, पुढच्या आठवड्यात वाढलेले दिसले तर त्या डिस्कला निरोप द्या. आणि टक टक आवाज येत असेल तर तिच्यावर चेकडिस्क (विंडोजची डिस्क-तपासणी) चालवू नका, मरणाऱ्या डिस्कला धावायला लावल्यासारखं आहे ते, जे वाचतंय ते आधी उचलून घ्या.

रात्री लाइट जाते का तेही विचारा. सर्व्हर यूपीएसवर आणि मोठ्या डिस्कचा अॅडॅप्टर साध्या प्लगमध्ये, हे मी इतक्या ठिकाणी बघितलंय की आता गेल्या गेल्या आधी टेबलाखाली वाकते.

प्रश्न: दुसरी डिस्क घरी नेणं खरंच गरजेचं आहे का? पावसात स्कूटरच्या डिकीतून नेताना भीती वाटते, ऑफिसच्या कपाटात ठेवली तर चालेल ना?

उत्तर: नाही चालणार, आणि हे मी थोडं जोर देऊन लिहितेय. २६ जुलै २००५ ला मुंबईत, ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात, जुलै २०२१ ला चिपळूणला पाणी शिरलं तेव्हा त्याने कपाट आणि सर्व्हर असा भेद केला नाही. २०१९ च्या पुरानंतर एका ओळखीच्या ऑफिसात गेले होते. तीन डिस्क होत्या त्यांच्याकडे, शिस्तीने रोज बदलायचे, नोंदवही होती, सह्या होत्या, आणि तिन्ही डिस्क सर्व्हरच्याच टेबलाच्या खालच्या खणात. खण उघडला तर आत गाळ. त्यातली एकही सुरू झाली नाही. त्या बाई नोंदवहीची ओली पानं एकेक करून सोडवत होत्या, ते अजून डोळ्यासमोर आहे.

तर डिस्क घरी न्या. डिकीत उन्हाळ्यात फार तापतं म्हणून डिकी नको, खांद्याच्या बॅगेत, मऊ कापडात गुंडाळून, झिप लॉकच्या पिशवीत, आत सिलिका जेलची पुडी टाकून. पावसाळ्यात बाहेरून एसीच्या खोलीत आणली किंवा उलट झालं तर अर्धा तास तशीच ठेवा, मग लावा. डिस्क हरवू शकते म्हणून बिटलॉकरने (विंडोजचं डिस्कचं कुलूप) एन्क्रिप्ट करा, आणि त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून तिसऱ्याच जागी ठेवा, त्याच सर्व्हरवर ठेवली तर सर्व्हर गेल्यावर उघडणार कशाने.

घरी नेण्याचं दुसरं कारण रॅन्समवेअर, म्हणजे फाइली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस. तो आत शिरला की लावलेल्या सगळ्या डिस्क लॉक करतो, बॅकअपची पण. केबल काढलेल्या डिस्कला तो हात लावू शकत नाही. म्हणून तीन डिस्क असतील तर एक लावलेली, एक वाटेत किंवा कपाटात, एक कायम ऑफिसबाहेर. कंपनी क्लायंट असलेल्यांनी एवढं लक्षात ठेवा की इलेक्ट्रॉनिक हिशेबांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज असावा असा नियम ऑगस्ट २०२२ पासून आहे आणि पुस्तकं ८ आर्थिक वर्षं जपायची असतात, तेव्हा आठवड्यातून एकदा बदलणारी डिस्क ही जोडीला, त्याऐवजी नाही.

प्रश्न: मी नुकताच आयटीत लागलोय. रोज ईमेलला 'बॅकअप सक्सेसफुल' येतं, मग रिस्टोअर करून बघायची काय गरज असं साहेब म्हणतात.

उत्तर: साहेबांना ३१ जानेवारी २०१७ ची गिटलॅबची (प्रोग्रॅमर लोकांचा कोड सांभाळणारी कंपनी) गोष्ट सांग. चुकून मुख्य डेटाबेस पुसला गेला, आणि मग कळलं की बॅकअपच्या पाच पद्धती लावलेल्या होत्या पण एकही धड चालत नव्हती. सुदैवाने सहा तासांपूर्वीचा एक स्नॅपशॉट (त्या क्षणीची प्रत) कुणीतरी हाताने घेतलेला होता, त्यावर निभावलं. त्यांनी हे सगळं स्वतःच उघड लिहिलं, म्हणून आपल्याला माहीत आहे.

तू महिन्यातून एकदा एवढं कर. घरून आलेली डिस्क, लावलेली नव्हे, सर्व्हरला न लावता दुसऱ्या मशीनला लाव. टॅलीची एक कंपनी, एक मोठी एक्सेल आणि एक जुना स्कॅन वेगळ्या फोल्डरमध्ये रिस्टोअर कर आणि उघडून बघ, टॅलीत जाऊन शेवटच्या व्हाउचरची तारीख वाच. ती तारीख नोंदवहीत लिही. साहेबांना ती वही दाखव, ईमेल नको.

प्रश्न: जुनी ४ टीबीची बॅकअप डिस्क भंगारात द्यायची आहे, फॉरमॅट केली तर पुरे ना? (पुणे)

उत्तर: नाही. क्विक फॉरमॅटनंतर डेटा तसाच असतो, फक्त अनुक्रमणिका फाडलेली असते. डिस्कपार्टमध्ये (विंडोजचं डिस्कसाठीचं कमांड टूल) 'क्लीन' दिलं तरी तेच, 'क्लीन ऑल' दिलं तर सगळीकडे शून्यं लिहितो. ही कमांड देण्याआधी बाकीच्या सगळ्या एक्स्टर्नल डिस्क काढून बाजूला ठेवा, 'लिस्ट डिस्क' मध्ये साइज दोनदा वाचा, मगच 'सिलेक्ट'. सर्व्हरवर करूच नका, साध्या पीसीवर करा. ४ टीबीला अकरा-बारा तास लागतील, संध्याकाळी लावून घरी जा.